महासत्तेचे तीन दाखले

सोमवार, २

आज मला 'म' मिळाला. अजून हातात पडलेला नाही, पण मिळाल्यात जमा आहे.

इतकी वर्षं कोशाच्या कचेरीत मुद्रितं तपासली, दुसऱ्यांचे अनुस्वार पुसले, मान कायमची डावीकडे कलली. आज मुख्य बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मुख्य बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादक. त्या म्हणाल्या, "'म' विभागाची खुर्ची रिकामी होते आहे. तुम्ही 'महासत्ता' ही नोंद लावून दाखवा. वीस तारखेच्या बैठकीत मंजूर झाली तर खुर्ची तुमची. पडली, तर तुम्ही आणि तुमची मुद्रितं."

मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे, रोज पेपरात असतो शब्द. यावर बाई हसल्या. बाई हसल्या की पुढे काहीतरी अडचण निघते.

ती लवकरच लक्षात आली. आमचा कोश आहे बोलीतल्या शब्दांचा. पेपर, भाषण, बातम्या असलं काही आम्ही धरत नाही. माणसं घरात, रस्त्यात, आपल्या रोजच्या कामाबद्दल बोलताना जो शब्द आपण होऊन वापरतात, तोच घ्यायचा. त्याचे तीन वेगवेगळ्या तोंडांचे दाखले लागतात. गोळा करणाऱ्याने तो शब्द आधी स्वतः उच्चारला तर तो दाखला उष्टा, फेकून द्यायचा. बोलणाऱ्याला नंतर "हे कुणाबद्दल म्हणालात?" असं विचारायचीही बंदी, कारण मग माणसं सावध होतात. ती खातरजमा बाई स्वतः बैठकीत फोन लावून करतात, सगळ्यांच्या देखत, स्पीकरवर. तोवर शब्दाला 'उमेदवार' म्हणायचं आणि त्याचं नाव कचेरीत घ्यायचं नाही.

"कागदी उमेदवार आहे तुमचा," व्युत्पत्तीराव म्हणाले. यांचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नाही. चहाचा कप हातात घेतला की हे आधी कप कुठून आला, मग चहा कुठून आला ते सांगतात आणि मग गार झाला म्हणून कुरकुरतात. त्यांचाही त्या खुर्चीवर डोळा आहे. "माणसं असं बोलत नाहीत हो. पडणार तुमची नोंद."

जळतात माझ्यावर. दुसरं काय!

बुधवार, ४

सुरुवात न्हाव्यापासून केली. जगाचं राजकारण जिथे रोज निकालात निघतं ती जागा हीच.

खुर्चीत बसल्या बसल्या सहज आवाज काढून विचारलं, "काय हो, सध्या कुणाची चलती आहे?"

"मिशांची," न्हावी म्हणाला.

"तसं नव्हे. देशादेशांत म्हणतोय मी."

"ते होय! ते सगळे दादा लोक. त्यांनी खोकायचं आणि आपण रुमाल धरायचा."

दादा! पर्यायी शब्द मिळाला. "अजून काय म्हणतात त्यांना?"

"बडी धेंडं."

"अजून?"

"साहेब, मान हलवू नका."

उमेदवाराचं नाव तर घेता येत नाही. म्हणून मी दोन्ही हातांनी आधी गोल पृथ्वी काढून दाखवली आणि मग तिच्यावर कुणीतरी मांडी ठोकून बसलंय असं दाखवलं. त्याच क्षणी वस्तरा मिशीवर होता. डावी बाजू निम्मी झाली. मग बरोबरीसाठी उजवी केली, ती जास्त झाली, मग पुन्हा डावी. शेवटी दोन्ही काढल्या.

घरी आलो तर हिने दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

फलित: दोन पर्यायी शब्द, एक मिशी खर्ची. मूळ शब्दाचा पत्ता नाही.

शनिवार, ७

नोंदीच्या सगळ्या चिठ्ठ्या घरी आणल्या. कचेरीत व्युत्पत्तीराव मान लांब करून बघतात.

जेवणाचं टेबल तात्पुरतं घेतलं. मी कुणावर काही लादणाऱ्यांतला नव्हे, रीतसर विचारून घेतलं. "मी टेबल घेऊ ना?" म्हणालो आणि पसरायला लागलो. कुणाचीच हरकत दिसली नाही. ही हातात ताटं घेऊन थोडा वेळ उभी होती, मग सोफ्याकडे वळली. टेबलावर लेकीचे नकाशाचे मोठे कागद होते. ती इमारतींचे आराखडे काढायला शिकते आणि तिलाही याच महिन्यात काम द्यायचं आहे. तिने कागद गुंडाळले आणि बाहेरच्या बोळकांडीत जमिनीवर पालथी पडून काढायला लागली. तिला पहिल्यापासून जमिनीवर काम करायची हौस असावी.

पंख्याने चिठ्ठ्या उडतात. पंखा बंद ठेवायला सांगितलं. खिडक्याही. चिठ्ठ्यांवर वजन म्हणून हिची इस्त्री आणि लेकीच्या त्या जड पट्ट्या घेतल्या. घरच्यांची साथ असली की कामाला कसा हुरूप येतो!

रविवार, ८

संध्याकाळी हिचा भाऊ आला. माझा मेहुणा बस चालवतो. जगभरातल्या वाहतुकीवर त्याची मतं आहेत.

मी मुद्दाम टीव्हीवर जागतिक बातम्या लावल्या. ही आणि लेक काहीतरी गाण्याची स्पर्धा बघत होत्या, शेवटची फेरी की काय होती. रिमोट मागितला, म्हणजे उचलला. "घ्या," ही म्हणाली, "सगळं तुमचंच आहे." किती समजूतदार बायको मिळाली आहे मला.

बातम्यांत मोठमोठे देश एकमेकांना दम देत होते. मी मेहुण्याला विचारलं, "हे असे कोण असतात रे? काय म्हणावं यांना?"

"बडं प्रस्थ, भावजी. आमच्या रस्त्यावर ट्रक असतो ना, तसं. ट्रक वळायला लागला की आपण आपली गाडी बाजूला घ्यायची. तो आपल्याला विचारत नाही. मुद्दाम करतो असंही नाही हो. एवढ्या उंचावर बसलेला असतो, त्याला खालचं दिसतच नाही."

'बडं प्रस्थ' चिठ्ठीवर उतरवलं. बाकी पाल्हाळ होतं, ते सोडून दिलं.

लेक म्हणाली, "सुपरपॉवर म्हणा की सरळ." तेही घेतलं. पण मूळ शब्द कुणाच्या जिभेवर येईल तर शपथ!

बुधवार, ११

सकाळी ही हळूच म्हणाली की सोफ्यावर जेवल्याने सोफ्याला तेल लागतंय. मी प्रश्न चिघळू देणाऱ्यांतला नव्हे. तिघांची बैठक घेतली आणि तहाचा मसुदा वाचून दाखवला. टेबल वीस तारखेपर्यंत माझ्याकडे. सोफ्याची खिडकीकडची बाजू पर्यायी शब्दांसाठी मला, म्हणजे तेवढ्या भागाला तेल लागायचा प्रश्नच मिटला. उरलेल्या बाजूवर दोघींनी आळीपाळीने जेवावं. बोळकांडीतून मला ये-जा करायला वाट असावी, लेकीने पाय आखडून घ्यावेत.

वेळ वाचावा म्हणून तिघांच्या वतीने सह्या मीच केल्या.

दोघी एकमेकींकडे बघून खूप हसल्या. घरात असं खेळीमेळीचं वातावरण पाहिजे.

कचेरीत मात्र बरं चाललेलं नाही. बाईंनी जाता जाता विचारलं, "उमेदवार काय म्हणतोय?" मी म्हटलं, प्रकृती सुधारते आहे. खोटं बोललो. एकही दाखला हाती नाही. 'म' गेला तर मी निवृत्तीपर्यंत दुसऱ्यांच्या वेलांट्या मोजत बसणार, आणि व्युत्पत्तीराव त्या खुर्चीत बसून मला खुर्ची कुठून आली ते सांगणार. या विचाराने जेवण गेलं नाही. हिच्या वाटणीचं पुडिंग तेवढं खाल्लं.

शुक्रवार, १३

मिळाला! मिळाला!

सकाळी घरातून निघालो, छत्री विसरली म्हणून जिन्यातून परत आलो. दार लोटलेलं होतं. आत लेक फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "ये पटकन. आमच्या घरची महासत्ता बाहेर गेलीये. टेबलावरचं जरा सरकवू, सगळे कागद पसरून बघता येतील."

मी दाराबाहेर श्वास रोखून उभा होतो. पहिलं तोंड! उष्टं नाही, विचारून घेतलेलं नाही, घरगुती संदर्भ, सगळं नियमात बसणारं! जिन्यात बसूनच चिठ्ठी लिहिली.

'कुणाबद्दल' या रकान्यात लिहिलं, बोलणारीची आई. आमच्या घरातली सत्ता कुणाकडे आहे हे जगजाहीर आहे. आता ही त्या वेळी आत स्वयंपाकघरात गुणगुणत होती, मला ऐकू येत होतं. पण लेकीला ती बाहेर गेली असं वाटलं असावं. मुलांचं लक्ष नसतं.

आनंदात छत्री न घेताच गेलो.

रविवार, १५

आज तर लॉटरीच लागली. एका दिवसात दोन.

मी न्हाणीघरात होतो. नुकताच नळ बंद केला होता. मेहुणा आलेला होता आणि ही त्याला सांगत होती, "महासत्ता अंघोळीला गेलीये तोवर उघडून घे ती खिडकी. आठवडाभर जीव गुदमरलाय माझा."

अंगाला साबण तसाच ठेवून मी टॉवेलच्या टोकावर शब्द लिहून घेतला. दुसरं तोंड!

'कुणाबद्दल' याचा मात्र बराच विचार करावा लागला. शेवटी उलगडा झाला. आमच्या वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात. त्याही याच वेळेला अंघोळीला जातात, आमच्या नळाची धार बारीक होते त्यावरून मला कळतं. त्यांचा धाक आहे हिला, हे मला माहीत नव्हतं. एकदा त्यांच्याशी बोललं पाहिजे. असं दडपणाखाली राहणं बरं नव्हे.

बाहेर आलो तर मेहुणा सोफ्याजवळ उभा होता. पर्यायी शब्दांकडे बोट करून म्हणाला, "महासत्तेच्या हद्दीत जरा टेकलं तर चालेल का?"

तिसरं तोंड! मी त्याला मिठीच मारली. तो दचकला. बसायला मात्र दिलं नाही, 'बडी धेंडं' ओळीने लावून ठेवली होती.

'कुणाबद्दल': आगारप्रमुख. मेहुणा तेव्हा ड्यूटीवरून थेट आला होता, डोक्यात साहेबच असणार.

तिन्ही दाखले, तीन माणसांबद्दल. घर, शेजार, नोकरी. शब्द किती खोल रुजला आहे बघा. आणि म्हणे कागदी!

मंगळवार, १७

व्युत्पत्तीरावांना न राहवून सांगितलं की तीन तोंडं झाली. त्यांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "खातरजमेला टिकू द्या म्हणजे झालं." मी म्हटलं, बाईंनी खुशाल तिघांनाही फोन लावावेत, माझं काही लपवण्यासारखं नाही.

लेकीला आज बोळकांडीत अडखळलो. तिच्या कागदावर पाय पडला. एक अख्खा जिना चुरगळला. तिने नवा कागद घेतला. मी तिला म्हटलं, उजेडात बसत जा गं. ती "बरं बाबा" म्हणाली. गुणी आहे.

शुक्रवार, २०

हे लिहायला नको असं वाटतंय, पण लिहितो.

बैठकीला सगळे होते. मी नोंद मांडली. पर्यायी शब्द झटपट मंजूर झाले. मग बाईंनी चष्मा लावला आणि फोन मध्यभागी ठेवला.

पहिला फोन हिला. ही दातांच्या दवाखान्यात स्वागतिकेचं काम करते. तिने उचलल्या उचलल्या विचारलं, "दाढ का सुळा?"

"शब्द," बाई म्हणाल्या आणि ओळख दिली. "रविवारी तुम्ही भावाला खिडकी उघडायला सांगताना एक मोठा शब्द वापरलात. कुणाला म्हणालात?"

"महासत्ता? अहो, आमच्या ह्यांना. दुसरं कोण आहे?"

मी टेबलाखाली पेन्सिल पाडली आणि ती शोधत बराच वेळ खाली राहिलो.

दुसरा फोन मेहुण्याला. मागे हॉर्न वाजत होते. "भावजींना म्हटलं. पण बाई, माणूस फार चांगला हं आमचा. जीव लावतो. फक्त वळताना बघत नाही."

कुणीतरी हसू दाबलं. मी मनाशी म्हटलं, लेक आहे अजून. ती नक्की आईबद्दल म्हणाली होती.

तिसरा फोन. "बाबांना म्हणते मी," लेक म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण काकू, त्यांना प्लीज सांगू नका. त्यांना माहीत नाहीये. वाईट वाटेल त्यांना."

आता कुणीच हसत नव्हतं. ते हसत होते तेव्हा बरं होतं. माझी मान जी कायम डावीकडे असते ती सरळ खाली गेली. मला खरोखर रडू येत होतं आणि पन्नाशीच्या माणसाने बैठकीत रडायची आमच्याकडे पद्धत नाही.

व्युत्पत्तीरावांनी संधी सोडली नाही. "बाई, तिन्ही दाखले एकाच माणसाबद्दलचे. एकाच माणसाला म्हणतात ते टोपणनाव. तो शब्द नव्हे. नियमाप्रमाणे उमेदवार बाद."

नियम तसाच आहे. 'म' माझ्या डोळ्यांसमोरून चालता झाला.

"तीन तोंडं आहेत, खातरजमा चोख आहे," बाई म्हणाल्या. "मी विचार करते आहे."

"विचार कसला? नियम लिहिलेला आहे!"

"नियम मी लिहिला आहे. मला वाटलं तर मी बदलेन."

"झालं!" व्युत्पत्तीराव शेजाऱ्याकडे वळून पुटपुटले. "महासत्तेपुढे कुणाचं काय चालणार!"

पुटपुटणं असं की दरवाजाबाहेरही ऐकू गेलं असेल. त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेला होता.

"कुणाला म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"बाई, ते आपलं ओघात..."

"ओघातच हवं असतं आपल्याला. खातरजमा चालू आहे. कुणाला?"

"आपल्याला," व्युत्पत्तीराव म्हणाले.

"आणखी कुणी म्हणतं मला असं?"

सगळी बैठक आपापल्या कागदाकडे बघू लागली. मीसुद्धा. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच म्हणतो, बाई रजेवर असल्या की.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. स्वतःच्या हाताने चौथी चिठ्ठी लिहिली. बोलणारा: वरिष्ठ सहायक. कुणाबद्दल: मी. मग म्हणाल्या, "वेगळं तोंड, वेगळा माणूस. टोपणनावाची हरकत फेटाळली. नोंद मंजूर. 'म' तुमचा."

बैठक संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्हाला अजिबात कल्पना नव्हती?" मी म्हटलं, नव्हती. "मलाही," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

घरी आलो. खुर्ची मिळाली म्हणून हसऱ्या तोंडाने यायचं ठरवलं होतं, जमलं नाही. ही भाजी चिरत होती. मी सरळ विचारलं, "तुम्ही सगळे मला असं म्हणता?"

"फोन आला तेव्हाच कळलं, आज घरी खटला उभा राहणार," ही म्हणाली. "मग काय म्हणू? टेबल तुमचं, पंखा तुमचा, रिमोट तुमचा. माझी इस्त्रीसुद्धा दोन आठवडे तुमच्या धेंडांवर बसलीये. चुरगळलेल्या कपड्यांत जातेय मी कामावर."

"पण मी प्रत्येक गोष्ट विचारून घेतली! तूच आठव. विचारलं होतं की नाही?"

"विचारलंत की." तिने सुरी खाली ठेवली. "उत्तरासाठी थांबलात कधी?"

मी आठवून बघितलं. बराच वेळ आठवत होतो. तिने तोवर सगळी भाजी चिरून संपवली.

शनिवार, २१

सकाळी उठून टेबल मोकळं केलं. इस्त्री हिला दिली. मेहुण्याला फोन करून सांगितलं की सोफा खुला आहे. तो म्हणाला, "सैन्य मागे घेतलंत?" हसला, मग मीही हसलो. खिडक्या उघडल्या. समोरच्या इमारतीला नवा रंग दिला आहे, मला माहीतच नव्हतं.

लेकीने बोळकांडीतून कागद आणून टेबलावर पसरला. तिचं काम सोमवारी द्यायचं आहे. चुरगळलेला जिना तिने नव्याने काढला होता. छान काढते. मी कधी नीट बघितलं नव्हतं. घरात शिरायला दोन वाटा ठेवल्या होत्या. मी म्हटलं दोन कशाला? ती म्हणाली, "एक अडली तर दुसऱ्या बाजूनं जाता यावं म्हणून."

मी बोळकांडीकडे बघितलं.

मग माझ्या हातात 'म'च्या नव्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा उरला. लहानसाच. तो ठेवायला सगळ्या घरात जागा सापडेना. टेबलाच्या एका कोपऱ्यावर कागद पोचत नव्हता. मी तिथे गेलो आणि विचारलं, "एवढा गठ्ठा इथे राहू दे का गं?"

आणि थांबलो. हे थांबणं वाटतं तेवढं सोपं नाही. हात आपोआप पुढे जातो. मी गठ्ठा छातीशी धरून ठेवला आणि उभा राहिलो.

लेकीने कागदावरून मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मस्करी करतोय का ते ताडून बघत असावी. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाली, "नाही, बाबा."

या घरात मला असं कुणी म्हटल्याला इतकी वर्षं झाली असावीत की आधी अर्थच लागेना. मग कान तापले. राग आला, थोडा वेळ चांगलाच आला. मग तिच्या आवाजात किंचित कंप होता तो लक्षात आला, आणि पोरीला आपल्या बापाशी एवढंसं बोलायला एवढं बळ लागतं हे बघून राग कुठल्या कुठे गेला. वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर बरंही वाटलं, कुणीतरी भीड सोडल्यासारखं.

"बरं," मी म्हणालो.

हाही शब्द माझ्या तोंडून फार दिवसांनी बाहेर पडला असावा. कारण स्वयंपाकघरातून ही ओल्या हाताने धावत बाहेर आली आणि मला बरं नाही का, असं विचारू लागली.